दिवा खोटं बोलत नव्हता

गेल्या महिन्यात भाचा त्याची टर्बो गाडी घेऊन आला. दमदार आवाजासाठी त्यानं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप बसवला होता आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटला होता. "मामा, सेन्सर बिघडलाय, तेवढा दिवा घालवा." म्हटलं, अरे, सेन्सर ठणठणीत आहे, म्हणूनच दिवा लागलाय!

असा ऑक्सिजन सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत प्रथम आला. आता दोन असतात. पुढचा हवा आणि पेट्रोलचं प्रमाण राखायला मदत करतो, वजनानं साधारण १४.७ ला १. मागचा कन्व्हर्टरवर पहारा करतो. त्याचा व्होल्टेज जवळजवळ स्थिर हवा. तो सारखा वरखाली नाचू लागला, की गाडीतला संगणक ओळखतो, कन्व्हर्टर काम करत नाही.

मागच्या सेन्सरला फसवायच्या युक्त्या बाजारात मिळतात. पण धूर थोडाच फसतो? कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतो. त्या विषारी वायूला ना रंग, ना वास. भाच्याची गाडी तळघरात उभी असते, आणि तिथंच रखवालदार झोपतो. हे सांगितल्यावर तो गप्प झाला.

जुना कन्व्हर्टर नशिबानं माळ्यावर होता. रविवारी बसवला. तीन-चार दिवसांनी दिवा आपोआप विझला.