बुरशी, भूछत्र आणि काणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी अमरावती येथे केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी 'बुरशी' हा विषय कळविला, तेव्हा आपल्या चिटणीसबाई हसल्या. मंगल प्रसंगी हा कसला विषय, असे आपल्यालाही वाटले असेल. परंतु या एका शब्दाने थोड्याच वर्षांपूर्वी घरोघरी घबराट उडविली होती, म्हणून तो मुद्दाम निवडला आहे.

आपली स्वयंपाकघरातली भाषा मोठी काटेकोर आहे. दूध नासते, वरण विटते, पीठ आंबते, तेल खवट होते, लाकूड कुजते आणि भाकरीला बुरशी येते. 'दूध बुरसले' असे कोणी म्हणत नाही. या प्रत्येक शब्दामागे वेगळी क्रिया आहे. दूध नासते ते जिवाणूंमुळे, तेल खवट होते ते बहुधा हवेतल्या प्राणवायूमुळे. पीठ आंबविण्यात जिवाणूंबरोबर यीस्टचाही हात असतो, आणि हे यीस्ट बुरशीचेच एकपेशीय भावंड. भाकरीवर दिसते ते मात्र बारीक धाग्यांचे जाळे. तो एक सजीवच असतो.

इंग्रजी 'फंगस' हा शब्द मूळचा लॅटिन. तिथे त्याचा अर्थ भूछत्र. संस्कृतातल्या 'कवक' शब्दाचा अर्थही तोच. मनुस्मृतीत लसूण-कांद्याबरोबर कवकही निषिद्ध सांगितले आहे. पुढे शास्त्रज्ञांनी दोन्ही शब्दांचा अर्थ वाढविला आणि भूछत्र, बुरशी, यीस्ट, पिकांवरचे रोग हे सारे त्यांत बसविले. आपला 'बुरशी' शब्द मात्र भाकरीवरच्या लवेपाशीच राहिला. कोकणातली अळंबी किंवा आपल्या विदर्भातले टेकोडे आणि सात्या यांना कोणी बुरशी म्हणणार नाही. म्हणजे सगळी बुरशी फंगस खरी, पण सगळे फंगस बुरशी नव्हे. पाठ्यपुस्तकांना 'कवक' शब्द घ्यावा लागला तो यासाठीच.

न्हाणीतले शेवाळही निराळे. ते हिरवे असते आणि उन्हावर आपले अन्न आपण तयार करते. बुरशीला ती कला नाही. ती दुसऱ्याच्या अन्नावर जगते. आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल हा तर या दोघांचा एकत्र संसार! १९६९ साली, म्हणजे अकोल्यात कृषी विद्यापीठ निघाले त्याच वर्षी, व्हिटेकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने कवकांना वनस्पतींपासून वेगळे, स्वतंत्र सृष्टीचे स्थान दिले.

माझे माहेर अकोल्याकडचे, शेतकऱ्याचे. तिथे 'फंगस' हा शब्द कोणाला लागत नसे. जवारीवर काणी, गव्हावर तांबेरा, वेलावर भुरी, तुरीला मर, असे प्रत्येकाला वेगळे नाव. दाणा भरताना पाऊस लागला की जवारी काळी पडते, आणि काणीतही दाण्याच्या जागी काळी भुकटीच असते. पण दोन्हींना एक नाव दिले तर उपाय चुकेल. काणीसाठी पेरणीपूर्वी बियाण्याला गंधक चोळतात, पावसाने काळ्या पडणाऱ्या दाण्याला त्याचा काय उपयोग? वरूड-मोर्शीच्या संत्र्यावरचा डिंक्या पूर्वी बुरशीजन्य रोगांत धरीत. आता त्याचा कर्ता जीव खऱ्या कवकांत मोडत नाही, असे शास्त्र सांगते.

आता २०२१ साल आठवा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'म्युकरमायकोसिस' आला आणि त्याचे नाव पडले 'काळी बुरशी'. जून महिन्याच्या अखेरीस देशातील रुग्णसंख्या चाळीस हजारांवर गेली होती. तेव्हा कांद्यावरची काळी भुकटी हीच ती बुरशी, अशी अफवा पसरली. आमच्याही गल्लीत चांगले कांदे उकिरड्यावर गेले. वास्तविक कांद्यावरची बुरशी वेगळ्या जातीची. म्युकरची बुरशी तर पांढुरकी-करडी असते. ती रक्तवाहिन्या बंद करते, म्हणून रोग्याच्या शरीरातला तो भाग मरून काळा पडतो. काळेपणा बुरशीचा नव्हे, मेलेल्या मांसाचा. खरा धोका होता तो आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टिरॉइड औषधांचा अतिरेक यांत. नाव चुकीचे कळले की माणूस कांदे टाकतो आणि रक्तातली साखर तपासायची राहते.

उलट, जिथे भ्यायला हवे तिथे आपण भीत नाही. ओलसर राहिलेल्या फल्लीदाण्यावर आणि मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९६० साली इंग्लंडात फल्लीच्या पेंडीतून या विषाने लाखावर टर्की पक्षी मेले. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. हे विष यकृतावर घाला घालते आणि नेहमीच्या शिजवण्याने किंवा भाजण्याने पूर्ण जात नाही. तेव्हा बुरसलेले दाणे पुसून, भाजून चटणीत घालण्याची काटकसर कृपा करून करू नका. गुरांनाही घालू नका. दाणे कडक वाळवून कोरड्या डब्यात ठेवा.

याच कुळातल्या पेनिसिलियम बुरशीतून १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले आणि कितीतरी बाळंतिणींचे प्राण वाचले, हेही विसरू नये. म्हणून बुरशी दिसली की घाबरण्याआधी विचारावे, ही कोणती आणि कशावरची? आपल्या आया-आज्यांनी प्रत्येकीला वेगळे नाव ठेवले होते. ती नावे लेकीसुनांना सांगत राहू या.