पोरगी कच्ची नव्हती

(वसतिगृहातल्या एका अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे, फक्त पुनरुक्ती काढली आहे.)



मला विषय दिलाय 'इंजिनिअरिंगमधल्या मुली आणि मानसिक आरोग्य'. मानसिक आरोग्य हा शब्द आपल्या वस्तीत नवा आहे. आपल्याकडे पोरगी गप्प बसायला लागली, जेवेनाशी झाली, रात्रभर पत्र्याकडे बघत पडली की म्हणतात, हिला बाहेरचं काहीतरी झालं. १९५६ साली आपण देव बाहेर काढले, पण अंगाऱ्याची पुडी अजून पुष्कळ घरांच्या फळीवर आहे. जरा शिकलेले असले तर म्हणतात, डोक्यात लोचा झालाय, लग्न उरकून टाका. आणि चळवळीतले असले तर? तर म्हणतात, भीमाची लेक ना तू, मग रडतेस काय! मला आज या शेवटच्यांशी बोलायचंय. कारण तेच समोर बसलेत.

मी मेकॅनिकलची. साठ जणांच्या वर्गात आम्ही चार मुली, त्यात वस्तीतून आलेली मी एकटी. कॉलेजचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. १९८३ साली सरकारनं विनाअनुदान कॉलेजांना दार उघडलं, आणि गावोगाव शिक्षणसम्राट उगवले. तसलंच एक.

फिटिंग शॉपमध्ये पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरनं माझ्या हातातली कानस काढून शेजारच्या मुलाला दिली. म्हणाला, 'याला करू दे तुझा जॉब. तू जर्नल लिही, तुम्हा मुलींचं अक्षर चांगलं असतं.' ही मार बाई म्हणून. मग व्हायवा. मास्तरांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, सीट कुठल्या कोट्यातली ते विचारलं, आणि बेअरिंगबद्दल एक अक्षर न विचारता 'जा' म्हणाले. ही मार जात म्हणून. बाकीच्या तिघींना पहिली मार बसतच होती, त्या काही माझ्या वैरिणी नव्हत्या. पण रात्री खोलीत त्याच मला ऐकवायच्या, 'तुझं बरं आहे बाई, तुला फी नाही.' शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून ऑफिसातला कारकून माझा परीक्षेचा फॉर्म दाबून ठेवायचा, हे त्यांना कुठून दिसणार?

आणि मुतारी. हसू नका. वर्कशॉपच्या इमारतीत बायकांसाठी संडासच नव्हता. चार तासांचं प्रॅक्टिकल. आम्ही सकाळपासून पाणी पीत नव्हतो. तहानेनं डोकं दुखायचं, मग मास्तर म्हणायचे, मुलींना लेथजवळ उभं राहवत नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग ऐका. मटेरियलच्या पेपरात आम्हाला 'फटीग' शिकवतात. फटीग म्हणजे धातूचा थकवा. एकोणिसाव्या शतकात युरोपात रेल्वेचे ॲक्सल तुटायला लागले. वजन तर सोसेल इतकंच होतं, तरी तुटत होते. व्होलर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन दाखवून दिलं की एका घावात जे तुटत नाही, ते त्याहून कितीतरी हलका भार पुन्हा पुन्हा, लाखो वेळा पडला की तुटतं. आत एक बारीक चीर पडते, डोळ्याला दिसत नाही, ती सरकत जाते. शेवटचा धक्का अगदी किरकोळ असतो.

ॲक्सल तुटला की इंजिनिअर काय बघतो? भार किती होता, किती वेळा पडला, कुठं कोपरा धारदार ठेवला होता. पोरगी मोडली की तीच इंजिनिअर मंडळी काय बघतात? तिची रँक, तिचा कोटा, तिची इंग्लिश. म्हणतात, कच्ची होती, झेपलं नाही. शेवटचा किरकोळ धक्का धरून बसतात, 'एवढ्याशा केटीवरून असं करतात का!' अरे, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय ना?

२०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी जादा जागा काढल्या, २०२० पर्यंत मुलींचं प्रमाण वीस टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. चांगलं केलं. पण जागा वाढवणं सोपं असतं, मास्तर बदलणं अवघड.

भारतातली पहिली बाई इंजिनिअर म्हणून ए. ललिता यांचं नाव घेतात. मद्रासचं गिंडी कॉलेज, इलेक्ट्रिकल, पदवी १९४३ ची. अठराव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही पोर. छापील प्रमाणपत्रावर 'तो' होतं, ते खोडून 'ती' करावं लागलं म्हणतात. बाई मोठीच. पण तिचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते, हेही लक्षात ठेवा. त्यांनी दार उघडवून घेतलं, घरानं पोर सांभाळली. आधार म्हणतात तो हा. माझा बाप गोदीत हमाल. त्यानं मला पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, पण प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये शिरायचं कसं हे त्याला कोण सांगणार? मग तो आधार आम्हाला कुणी द्यायचा?

दुसऱ्या वर्षी माझी झोप गेली. ड्रॉइंग शीटपुढं बसायची आणि रेघ ओढवायची नाही. कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे गेले. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, 'आरक्षणातून आल्यामुळे तुझ्यात न्यूनगंड आहे.' मी उठून आले.

हॉस्टेलमध्ये एक सीनियर ताई होती, आपल्यातलीच. तिनं भाषण दिलं नाही. सरकारी हॉस्पिटलात नेलं, मानसोपचाराच्या ओपीडीच्या रांगेत माझ्यासोबत उभी राहिली, केसपेपर तिनंच काढला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि नीट सांगितलं की दोन-चार आठवडे फरक वाटणार नाही, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. फरक पडला. मास्तर तसेच राहिले, मला मात्र झोप लागायला लागली. झोप लागल्यावर मी त्या मास्तरांविरुद्ध अर्ज लिहिला. त्याच्या आधी लिहिता आला नसता.

मग एका कार्यकर्त्यानं मला सुनावलं, 'गोळ्या खाऊन क्रांती करणार का? बाबासाहेब कधी रडले का?'

रडले! १९१७ साली बडोद्यात पारशांच्या धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन बाहेर काढलं. अठरा वर्षांनंतरही ते आठवलं की डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तो कोलंबियात शिकून आलेला माणूस. मधुमेहाची औषधंही ते घेत होते. आपण फोटो लावतो, वाचत नाही.

रोहित वेमुला, हैदराबाद, जानेवारी २०१६. पायल तडवी, मुंबई, मे २०१९. दर्शन सोळंकी, पवई, फेब्रुवारी २०२३. मेलेल्या पोरांची नावं आपल्याला पाठ आहेत, पाठच पाहिजेत. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया २०१९ साली सुप्रीम कोर्टात गेल्या, कॉलेजातला जातिभेद थांबवायचे नियम कागदावर आहेत ते अंमलात आणा म्हणून. हे आयांनी करायचं. पण जी जिवंत आहे, तिसऱ्या मजल्यावर राहते, चार दिवस मेसला आलेली नाही, तिचं नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?

कायदा आपल्या बाजूनं किती आहे तेही ऐकून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी उपचार हा हक्क केलाय. डॉक्टरनं तुमची गोष्ट गुप्त ठेवलीच पाहिजे, एचओडीला सांगता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच त्या कायद्यानं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक तज्ज्ञ समुपदेशक पाहिजे. तुमच्या कॉलेजात आहे का? नसेल तर अर्ज करा. असेल तर जात म्हणजे काय हे त्याला कळतं का, ते विचारा. आणि १४४१६, टेलिमानस. फुकट आहे, मराठीत बोलतात. वहीच्या मागच्या पानावर लिहा, आत्ता.

आणि पोरांनो, तुम्ही. मोर्चात तुम्ही पुढं, आम्ही सतरंज्या घालायला, ते प्रकरण वेगळं आहे, त्यावर एकदा स्वतंत्र भांडू. सध्या एवढंच करा की बहीण-मैत्रीण गोळ्या घेते म्हणून तिची खिल्ली उडवू नका, आणि कुणी उडवली तर ऐकून घेऊ नका. शिष्यवृत्ती अडलीय अशा पोरींची यादी करून कारकुनाच्या टेबलासमोर दहा जण जाऊन उभे राहा. ओपीडीच्या दिवशी कुणीतरी सोबत जा. आमच्या हॉस्टेलवर त्या ताईनं दर गुरुवारी एका खोलीत बसायचं सुरू केलं होतं. चहा, जर्नल, आणि ज्याला जे बोलायचं ते. ती पास होऊन गेल्यावर मी चालवलं, माझ्यानंतर दुसरीनं. अजून चालू आहे.

आता प्रश्न विचारा. मुलींनी आधी.