शिशाची अक्षरं



दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक ठरलेला फोटो येतो. साखर कारखान्याचा बॉयलर, त्याच्या तोंडाला झेंडूचं तोरण, पूजेला बसलेलं एखादं जोडपं, मागे संचालक मंडळ उभं. खाली ओळ: बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ उत्साहात. गळीत हंगाम सुरू होणार याची ती वर्दी. मी सत्तावीस वर्षं अशा बॉयलरांच्या आणि पाइपांच्या जोडांचे एक्स-रे काढले. पूजेच्या आधीच्या काही रात्री आमच्या असतात, आणि त्या रात्रींबद्दलच आज बोलायचं आहे.

वीजनिर्मिती करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत आता वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ११० किलोपर्यंत जातो, तापमान ५४० अंश सेल्सियस. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साखरेच्या दोन पोत्यांचा भार, तोही रात्रंदिवस, सगळा हंगामभर. ही वाफ नेणारा पाइप काही अखंड येत नाही. तुकडे येतात आणि जागेवर वेल्डर ते जोडतो. हात चांगला असेल तर जोडावर माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लहरी उमटतात, बघत राहावं अशा. पण जोडाची ताकद त्या लहरींत नसते. ती आत, मुळाशी असते, ज्याला आम्ही रूट म्हणतो. तिथे धातू नीट वितळून एकजीव झाला की नाही, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. जोड कापून बघितला तर कळेल, पण मग जोडच उरणार नाही.

माझी आई लुगडं घ्यायला गेली की दुकानाच्या दारात यायची आणि पदर उजेडाकडे धरून बघायची. कुठे वीण विरळ आहे, कुठे सूत तुटलंय, ते लगेच दिसायचं. आमचं काम तेच, फक्त उजेड वेगळा. लोखंडातून पार जाणारा. जिथे धातू भरीव, तिथे किरण जास्त अडतात आणि पलीकडच्या फिल्मवर पांढरट उमटतं. जिथे पोकळी, बुडबुडा, चीर, तिथून किरण जास्त सुटतात आणि फिल्म काळी पडते. म्हणजे फिल्मवरचा काळा ठिपका ही नसलेल्या धातूची खूण असते.

विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीतल्या व्युर्झबर्गला. काय आहेत ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी त्यांना गणितातल्या अज्ञाताचं नाव दिलं, आणि आपण मराठीत आपला अज्ञात घातला: क्ष-किरण. पत्नीच्या हाताचा, अंगठीसकट काढलेला तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण त्याच पहिल्या निबंधात त्यांनी धातूच्या एका तुकड्यातली असमानता या किरणांत दिसल्याची नोंद केली आहे. नंतर स्वतःच्या शिकारी बंदुकीचाही फोटो काढला. माणसाचं हाड आणि लोखंडाचं पोट एकाच वेळी उघडं झालं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत वॉटरटाउनच्या शस्त्रागारात पोलादी ओतकाम असं तपासायला लागले. तोवर बॉयलरचे ड्रम रिव्हेट मारून करत, कारण वेल्डिंगवर कुणाचा भरवसा नव्हता. आतलं दिसायला लागलं तेव्हा भरवसा बसला आणि १९३० च्या सुमारास वेल्ड केलेले ड्रम मान्य व्हायला लागले.

शेतातल्या कारखान्यावर, बारा मीटर उंचीच्या परांचीवर क्ष-किरणांचं यंत्र चढवणं अवघड. म्हणून आम्ही गॅमा किरण वापरतो. साइटवर सगळे एक्स-रेच म्हणतात, मीही म्हणतो. हे किरण वीज लावून तयार करावे लागत नाहीत, ते इरिडियम-१९२ या धातूतून आपोआप बाहेर पडत असतात. साध्या इरिडियमच्या बारीक चकत्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत ठेवून किरणोत्सारी करतात आणि अणुऊर्जा विभागाची ब्रिट ही संस्था तो सोर्स आम्हाला पुरवते. चकती केवढी? मसुराच्या दाण्याएवढी. तिची ताकद दर ७४ दिवसांनी निम्मी होते. दिवाळीत ज्या जोडाला दोन मिनिटं लागली, त्याच जोडाला जानेवारीत चार लागतात. म्हणून आमच्या खिशात सोर्सच्या वयाचा तक्ता असतोच.

हा दाणा ज्या पेटीत राहतो तिला कॅमेरा म्हणतात. आकाराने जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी, पण उचलायला गेलात तर वीस किलोच्या वर. आत शिशापेक्षाही घट्ट असं, अणुभट्टीला लागणारा अंश बहुतेक काढून घेतलेलं युरेनियम भरलेलं असतं. त्यातून जाणारी नळी वळणाची असते आणि सोर्स वळणाच्या मध्यावर बसतो. किरण सरळच जातात, वळण त्यांना घेता येत नाही, म्हणून ते आतच अडतात. मला आजही ही रचना फार सुंदर वाटते.

आता एक शॉट कसा घेतात ते ऐका. रात्रीचे अकरा. दुसऱ्या पाळीची माणसं गेलेली. मुख्य वाफेचा पाइप, भिंतीची जाडी अठरा मिलिमीटर. एका बाजूला सोर्स येणार, दुसऱ्या बाजूला जोडाला घट्ट बांधलेली फिल्म. पाइपभोवती शिशाच्या आकड्यांची पट्टी, दोष सापडला तर तो नेमका कितव्या सेंटिमीटरवर आहे ते कळावं म्हणून. शेजारी शिशाचीच अक्षरं: जोडाचा क्रमांक, वेल्डरचा क्रमांक, तारीख. शिसं किरण अडवतं, त्यामुळे ही अक्षरं फिल्मवर पांढरी उमटतात आणि कायमची राहतात. कॅसेटच्या पाठीला एक 'बी' लावलेला असतो. तो फिल्मवर फिकट उमटला, तर मागच्या भिंतीवरून उलटलेल्या किरणांनी फिल्म बिघडवली असं समजायचं.

आणि जोडावर आडव्या सात बारीक तारा, प्लास्टिकच्या चिकटपट्टीत बसवलेल्या. याला आमच्यात पेनी म्हणतात. सर्वांत जाड तार ०.४० मिलिमीटर, सर्वांत बारीक ०.१०. मला विचाराल तर सगळ्या कामाचा जीव या तारांत आहे. अठरा मिलिमीटरच्या जाडीत ०.३२ ची तार जर फिल्मवर दिसत नसेल, तर 'जोडात दोष दिसला नाही' या वाक्याला काही अर्थच नाही. दोष नव्हता की तुम्हाला दिसत नव्हतं? तार दिसली की मगच फिल्मची साक्ष ग्राह्य.

चारी बाजूंनी दोरी, लाल दिवे, किरणांच्या खुणेचे फलक. सोर्सला ड्राइव्ह केबल जोडायची, दुसऱ्या बाजूने जोडापर्यंत गाइड ट्यूब न्यायची. मग लांब जाऊन क्रँक फिरवायचा. खडखड आवाज येतो, हातातलं सर्व्हे मीटर एकदम चढतं, आणि कळतं की दाणा पेटीबाहेर गेला. डोळ्यांना काही दिसत नाही, अंगाला काही जाणवत नाही. मी पहिल्यांदा क्रँक धरला तेव्हा भीती वाटली ती याच गोष्टीची.

अंतर हे आमचं मोठं चिलखत. ३० क्युरीचा सोर्स उघडा असेल तर एक मीटरवर उभ्या माणसाला साधारण आठ मिनिटांत २० मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते, म्हणजे किरणांशी काम करणाऱ्यासाठी जी वर्षाची सरासरी मर्यादा आहे ती संपते. दहा मीटरवर हाच मारा शंभराव्या हिश्श्यावर येतो. उलट दिशेने जा. एक सेंटिमीटरवर तो दहा हजार पट होतो.

हा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. २० फेब्रुवारी १९९९ रोजी पेरू देशात, यानांगो जलविद्युत प्रकल्पावर, एका वेल्डरला जमिनीवर धातूची बारीक वस्तू पडलेली दिसली. कॅमेऱ्यातून निसटलेला इरिडियमचा सोर्स होता तो. त्याने उचलला, पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि कामाला लागला. कित्येक तास तो खिशातच होता. रेडिओग्राफरने रात्री काम केलं, फिल्म धुतल्या, त्या कोऱ्या निघाल्या. तेव्हा कळलं की सोर्स जागेवर नाहीच. त्या वेल्डरचा उजवा पाय पुढे कापावा लागला. त्याच्या जागी आपल्याकडचा कुणीही असू शकला असता. चकचकीत नटबोल्ट उचलून खिशात टाकायची सवय कुणाला नाही? म्हणून कारखान्यावर, पाइपलाइनच्या खंदकात, भंगाराच्या दुकानात कामाला असणाऱ्या माझ्या सगळ्या भावाबहिणींना हात जोडून सांगतो. साखळीच्या टोकाला दाणा असावा अशी, बोटभर लांबीची, धातूची वस्तू पडलेली दिसली तर हात लावू नका. दूर व्हा, इतरांना दूर करा, पोलिसांना आणि साइटच्या साहेबांना कळवा. आणि रात्री आमची दोरी दिसली तर जवळची वाट म्हणून तिच्याखालून जाऊ नका. आमच्या बाजूनेही चूक चालत नाही. सोर्स आत ओढल्यावर मीटर हातात धरूनच कॅमेऱ्यापर्यंत जायचं, दर वेळी, शंभराव्या शॉटलाही. जगभरात या कामातले किती अपघात हे एवढंच न केल्यामुळे झाले आहेत.

पहाटे डार्करूम. साइटवर ती बहुधा पत्र्याची खोली असते, फटींना काळा कागद चिकटवलेला. लाल दिवा, डेव्हलपरचा आंबूस वास, पाच मिनिटांचं घड्याळ, मग फिक्सर, मग पाणी. फिल्म दवाखान्यातल्यापेक्षा खूप काळी असते. आम्हाला पाहिजे त्या काळेपणात शंभर भाग उजेडातला एकच भाग पार जातो. म्हणून ती प्रखर दिव्याच्या पेटीवर, खोली अंधारी करून, डोळे सरावल्यावर वाचायची. घाईने आत येऊन फिल्म वाचणारा माणूस मला आवडत नाही.

गोल काळे ठिपके म्हणजे वायूचे बुडबुडे, पोरोसिटी. थोडे असले तर चालतात, किती ते ठरलेलं असतं. वेडेवाकडे लांबट डाग म्हणजे अडकलेला स्लॅग. मध्यभागी पेन्सिलीने आखल्यासारखी सरळ काळी रेघ असेल तर धातू मुळापर्यंत पोचलाच नाही. काळ्यात एकदम पांढरा शुभ्र कण चमकला तर टंगस्टनच्या सुईचं टोक मोडून आत राहिलंय. आणि केसासारखी, मध्येच वळणारी, दोन्ही टोकांना निमुळती रेघ दिसली की पोटात गोळा येतो. ती चीर. चीर कितीही लहान असली तरी मान्य नाही, कारण बुडबुडा होता तेवढाच राहतो, चीर मात्र वाढते. एक मर्यादाही कबूल केली पाहिजे. चीर किरणांच्या रेषेत असेल तरच ती काळी उमटते. आडवी पसरली असेल तर फिल्मला दिसत नाही, तिथे ध्वनिलहरींची तपासणीच पाहिजे.

एका पाइपलाइनच्या कामावरची गोष्ट. ठेकेदाराचं नाव घेत नाही. माझ्याकडे फिल्मचा गठ्ठा तपासायला आला. जोड एकाहून एक सुरेख. बावन्न नंबर बघितला, पुढे गेलो. सत्तावन्नवर थांबलो. कडेला एक खळगा, त्याच्या खाली दोन बारीक ठिपके, बाजूला लहर तुटलेली. हे मी पाहिलं होतं. बावन्न काढून शेजारी लावला. तोच खळगा, तेच ठिपके. त्रेसष्टमध्ये पुन्हा तेच. एका चांगल्या जोडाचे तीन शॉट घेतले होते आणि फक्त शिशाचे आकडे बदलले होते. प्रत्येक जोडाच्या लहरी अंगठ्याच्या ठशासारख्या असतात, दोन जोड तंतोतंत सारखे होत नाहीत. उरलेल्या दोन जोडांचे फोटो कधी काढलेच नव्हते. आम्ही काढले. एक बरा होता. दुसऱ्यात मुळाशी चार सेंटिमीटर सरळ रेघ होती. ज्या जमिनीखालून ती लाइन जाणार होती तिथे उसाचं रान होतं आणि शेजारी वस्ती होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. वेल्डरची चूक मी समजू शकतो, हात आहे, चुकतो. खोट्या फिल्मला मात्र माफी नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता फिल्मच्या जागी डिजिटल पाट्या आल्या आहेत. डार्करूम जाईल, चित्र थेट पडद्यावर येईल. सात तारा तिथेही लागतात.

शेवटची रात्र एका कारखान्यावरची, दसऱ्याच्या दोन आठवडे आधीची. वाफेच्या पाइपच्या एका जोडात मुळाशी रेघ निघाली. तिथला वेल्डर वयाने माझ्याहून मोठा, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा जोड फेल जातो हे कुणाला खरं वाटेना. अण्णा सकाळी आले, म्हणाले, "साहेब, मला बघू द्या." मी पेटी लावली, फिल्म ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. पट्टीवरचे आकडे वाचले. "बारा ते चौदा," ते म्हणाले, "तिथे वर परांची आडवी येत होती, हात पोचत नव्हता." मग परांची हलवायला लावली, ग्राइंडर घेतला, तेवढाच भाग मुळापर्यंत उकरला आणि पुन्हा भरला.

रात्री आम्ही परत दोरी बांधली. जोडाचा क्रमांक तोच, वेल्डरचा क्रमांक तोच. शेजारी शिशाची दोनच चिन्हं जास्तीची लावली, पहिल्या दुरुस्तीची: एक 'आर' आणि एक '१'. पहाटे फिल्म पाण्यातून काढून तारेला लटकवली तेव्हा अण्णा दाराशी उभे होते. बारा ते चौदा स्वच्छ पांढरं होतं. दोन आठवड्यांनी त्या जोडातून वाफ गेली.