मादक द्रव्यें : बंदी, परवाना आणि गांवाचा अधिकार

मादक द्रव्यांवर सरसकट बंदी असावी, कीं त्यांपैकीं कांहींना कायद्याची मान्यता देऊन त्यांचा व्यवहार सरकारनें आपल्या देखरेखीखालीं चालवावा, हा वाद आतां केवळ परदेशांतला राहिलेला नाहीं. पतियाळाचे तत्कालीन खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनीं गांजा व अफू यांच्या नियंत्रित वापरास मुभा देणारें खासगी विधेयक २०१६ सालीं पुढें आणलें, तेव्हांपासून हा विषय आपल्याकडेही उघडपणें बोलला जाऊं लागला. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या तर तो अगदीं दाराशीं येऊन ठेपला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें पुण्याच्या पोलिसांनीं सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतींत मेफेड्रोन, म्हणजे बोलभाषेंतील ‘एमडी’, या रासायनिक मादकाचा मोठा साठा पकडला. पुढच्याच महिन्यांत मुंबईच्या पोलिसांनीं कवठेमहांकाळ तालुक्यांतील इरळी या गांवीं तें तयार करण्याचा कारखानाच उघडकीस आणला. तेथें १२२ किलोंहून अधिक माल सांपडला. जानेवारी २०२५ मध्यें विट्याजवळच्या कार्वे येथेंही तसाच प्रकार आढळला. ज्या मुलुखाची ख्याति द्राक्षें, हळद आणि ऊंस यांसाठीं, त्याचें नांव अशा कारणानें वर्तमानपत्रांत यावें, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

या वादाचें पहिलें वैगुण्य असें कीं, दोन्ही पक्ष ‘नशा’ हा एकच शब्द वापरून निरनिराळ्या वस्तूंविषयीं बोलत असतात. भांग, गांजा आणि एमडी हीं एका माळेचीं मणी नव्हेत. १९८५ चा अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा गांजाच्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे व त्याचा चीक यांना निषिद्ध ठरवितो. नुसत्या पानांना तो त्या व्याख्येंत घेत नाहीं. म्हणूनच उत्तर प्रदेश, राजस्थान यांसारख्या राज्यांत भांगेचीं परवानाधारक दुकानें आहेत. महाराष्ट्रांत मात्र १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यान्वयें भांगेवरही बंधन आहे. केंद्र सरकारच्या वतीनें झालेल्या व २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांत भांग घेणारे सुमारें २.२ कोटि व गांजा–चरस ओढणारे सुमारें १.३ कोटि असल्याचा अंदाज निघाला. एमडीची गोष्ट अगदीं वेगळी. तिला ना शेत लागतें ना पाऊस. एखादी बंद शेड, चार पिंपें रसायनें आणि थोडें रसायनशास्त्राचें ज्ञान एवढें तिला पुरतें. फेब्रुवारी २०१५ पर्यंत तर तिचा या कायद्याच्या यादींत समावेशही नव्हता. ज्या झाडाशीं समाजाची शतकांची ओळख आहे त्याचा न्याय, आणि ज्या भुकटीशीं तरुण पिढीची ओळख दहा-पंधरा वर्षांची आहे तिचा न्याय, एकाच तराजूंत करतां येणार नाहीं.

परवान्याच्या बाजूनें बोलणाऱ्यांचा युक्तिवाद हलका नाहीं, आणि तो नवाही नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न उपस्थित झाल्यावर हिंदुस्थान सरकारनें १८९३ मध्यें मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं एक आयोग नेमला. त्यानें सर्व प्रांतांतून अकराशेंहून अधिक साक्षी घेतल्या. १८९४ च्या अहवालांत त्याचा निष्कर्ष असा होता कीं, भांग-गांजाचें माफक सेवन फारसें अपायकारक नाहीं, अतिसेवन निश्चित अपायकारक आहे; संपूर्ण बंदी आवश्यकही नाहीं व इष्टही नाहीं; बंदी घातल्यास लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील; म्हणून लागवडीस परवाना, दुकानांच्या संख्येवर मर्यादा, जवळ बाळगावयाच्या मालावर मर्यादा आणि भरपूर कर, हाच मार्ग. आज कॅनडानें (२०१८) किंवा जर्मनीनें (२०२४) जें केलें त्याचा सांगाडा या जुन्या अहवालांत जवळजवळ तयारच आहे. शिवाय हा पक्ष विचारतो कीं, चिमूटभर गांजा जवळ सांपडलेल्या विशीच्या मुलास तुरुंगाची वाट दाखवून समाजाचें कोणतें हित साधतें? तो प्रश्न टाळण्यासारखा नाहीं.

परंतु परवान्याचा अनुभव याच भूमीनें पुरेपूर घेतला आहे, आणि तो आयोगाच्या कागदावरील योजनेइतका निर्मळ नाहीं. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा १८७८ चा. मद्याचें उत्पादन व विक्री सरकारच्या ताब्यांत आली, मक्ते दिले गेले, आणि नियंत्रणासाठीं काढलेलें खातें पाहतां पाहतां उत्पन्नाचें खातें झालें. ज्यांचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण, त्या महात्मा जोतीराव फुले यांनीं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतांना, १८८० मध्यें, शहरांत दारूच्या दुकानांची होत असलेली वाढ अध्यक्षांच्या नजरेस लेखी आणून दिली. १९०८ मध्यें लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनें पुण्यांत दुकानांपुढें निरोधनाची चळवळ झाली, तेव्हां ती सरकारास रुचली नाहीं. ज्याची तिजोरी पिणाऱ्याच्या पेल्यांतून भरते त्यास पिणारा कमी व्हावा असें मनापासून वाटणें कठीण असतें. आजही महाराष्ट्रास मद्यावरील उत्पादन शुल्कापासून वर्षाकांठीं वीस हजार कोटि रुपयांहून अधिक मिळतात. जून २०२५ मध्यें हें शुल्क वाढविण्यांत आलें, तेव्हां सांगितलें गेलें तें आणखी चौदा हजार कोटींच्या अपेक्षित उत्पन्नाचें. त्यांतून व्यसनमुक्तीसाठीं किती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाहीं.

‘परवाना दिला म्हणजे चोरधंदा आपोआप बंद पडतो’ हें म्हणणेंही अनुभवास उतरत नाहीं. जून २०१५ मध्यें मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्या वेळीं राज्यांत सरकारमान्य देशी दारूचीं दुकानें उघडीं होतीं. परंतु कर भरलेला माल गरिबास महाग पडतो, आणि स्वस्त मालाची वाट नेहमीं मागच्या दारानें जाते. उद्यां गांजास परवाना मिळाला, तर जतच्या उसांत किंवा माणदेशाच्या एखाद्या आडबाजूच्या वावरांत चोरून लावलेलीं झाडें कर भरावयास रांगेंत उभीं राहतील, अशी आशा बाळगणें भोळेपणाचें होईल.

मग बंदी हाच उपाय काय? बंदीचाही इतिहास तितकाच बोलका आहे. मुंबई राज्यानें १९४९ मध्यें दारूबंदीचा कायदा केला व १९५० पासून संपूर्ण बंदी अमलांत आणली. त्यामागील हेतूविषयीं शंका नाहीं. परंतु थोड्याच काळांत ओढ्याकांठीं हातभट्ट्या पेटूं लागल्या, नवसागर आणि गूळ यांचा खप वाढला, आणि सुस्थितींतील माणसास ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ परवाना मिळे तेथें मजुरास हप्त्याच्या आश्रयानें विष मिळे. पुढील दोन दशकांत ती बंदी टप्प्याटप्प्यानें सैल करावी लागली. गुटख्याचें उदाहरण तर ताजेंच आहे. २०१२ पासून महाराष्ट्रांत त्यावर बंदी आहे आणि ती दरवर्षीं नव्यानें जारी होते. तरीही त्याच्या पुड्या मिरजेच्या रस्त्यावर पडलेल्या दिसत नाहींत, असें कोण म्हणेल? ज्या बंदीमागें कागद आहे पण लोक नाहींत, ती बंदी म्हणजे चोरासाठीं वाढविलेला भाव होय.

तथापि याच दोन जिल्ह्यांत एके काळीं एक वेगळी बंदी होऊन गेली. त्या वेळीं आजचा सांगली जिल्हा बव्हंशीं साताऱ्यांतच मोडत असे. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्यें. १९४२ च्या चळवळींतून क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी यांनीं जें प्रतिसरकार उभें केलें, त्यानें न्यायदान मंडळें चालविलीं, थोड्या खर्चाचे गांधी-विवाह लावले आणि गांवोगांव दारूबंदीही केली. त्याच्या शिक्षा कठोर होत्या, आणि आजच्या न्यायबुद्धीस त्या सर्वच मान्य होतील असें नाहीं. परंतु त्या बंदीचें बळ केवळ शिक्षेच्या भयांत नव्हतें. भट्टी कोठें आहे हें गांवास ठाऊक असतेंच. प्रश्न असतो तो गांव बोलेल कीं नाहीं हा. त्या वर्षांत गांव बोलत असे, कारण निर्णय त्याचा स्वतःचा होता, आणि त्या निर्णयांतून कोणाच्याही तिजोरींत पैसा पडत नव्हता.

याच तत्त्वाची सौम्य व सनदशीर आवृत्ति म्हणजे ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हें मतदान होय. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशान्वयें गांवांतील ठराविक प्रमाणांत स्त्री-मतदारांनीं मागणी केली, तर गुप्त मतदान घेतां येतें. आडव्या बाटलीस आवश्यक बहुमत मिळालें कीं दुकान बंद करावें लागतें. ज्या स्त्रियांना दारूचा परवाना देतांना कोणी विचारलें नव्हतें, त्यांच्या हातीं तो रद्द करण्याची किल्ली प्रथमच आली. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां साताऱ्यांत वारकरी मंडळींनीं त्यास कडाडून विरोध केला. उलट पलूस येथें वाइन उद्योगासाठीं खास वसाहत झाली असल्यानें सांगलीकडील कांहीं बागाईतदारांस त्या निर्णयांत द्राक्षाला भाव दिसत होता. दोघांचेंही म्हणणें खरें होतें. मालाला भाव हवा हेंही खरें, आणि त्या भावाची किंमत कोणत्या घरानें चुकवावी हें त्या घरास विचारलें पाहिजे, हेंही खरें.

परदेशांचे दाखले देतांना ते संपूर्ण द्यावेत. पोर्तुगालनें २००१ मध्यें स्वतःपुरतें मादक जवळ बाळगणें हा फौजदारी गुन्हा न मानण्याचें ठरविलें. पण विक्री गुन्हाच राहिली, आणि पकडलेल्या माणसास डॉक्टर व समाजसेवक यांच्या मंडळापुढें नेण्याची व्यवस्था केली. अमेरिकेंतील ओरेगन राज्यानें २०२१ मध्यें तशीच सवलत दिली. परंतु उपचाराची सोय मागें राहिली आणि सवलत पुढें गेली. शेवटीं सप्टेंबर २०२४ पासून तेथें पुनः शिक्षा लागू झाली. थायलंडनें २०२२ मध्यें गांजा मोकळा केला आणि २०२५ मध्यें वैद्यकीय चिठ्ठीची अट घातली. यांतून बोध एवढाच कीं, कायदा सैल करण्यापूर्वीं रुग्णालय उभें असावें लागतें.

आपल्या कायद्यांत या शहाणपणाचें बीज आहे. १९८५ च्या कायद्यांतील चौसष्ट-अ या कलमान्वयें, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेनें मान्यताप्राप्त संस्थेंत उपचार घेऊं लागला, तर त्यास खटल्यापासून सूट मिळूं शकते. उपचार करणाऱ्या संस्थाही दूर नाहींत. साताऱ्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकारानें उभी राहिलेली ‘परिवर्तन’ आहे; पुण्यांत डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ मध्यें सुरू केलेलें ‘मुक्तांगण’ आहे. तरीही सुशिक्षित घरांत मुलगा व्यसनांत सांपडला, तर पहिला विचार उपचाराचा होत नाहीं. तो अब्रूचा होतो. त्याला मामाच्या गांवीं पाठविलें जातें, लग्न लावून दिलें जातें, किंवा शिक्षणासाठीं दूरच्या शहरीं धाडलें जातें. आणि रोग बरोबरच जातो. तुरुंगाची भीति आणि बदनामीची भीति या दोहोंच्या मध्यें त्या मुलाचीं वर्षें निघून जातात, आणि त्याला भुकटी पुरविणारा मात्र कोणत्याच भीतींत नसतो.

तेव्हां बंदी कीं परवाना, असा दोन टोकांचा प्रश्न विचारणें सोडून, क्रम कोणता हें ठरविणें अधिक हिताचें. घेणारा आणि विकणारा यांत कायद्यानें व समाजानें स्पष्ट भेद करावा : घेणाऱ्यास वैद्य, विकणाऱ्यास न्यायाधीश. एमडीसारखें रासायनिक विष करणाऱ्यास कोणतीही सवलत नसावी; रिकाम्या शेडी कोण भाड्यानें घेतो आणि तेथें कोणतें रसायन येतें, यावर औद्योगिक वसाहतींतील शेजाऱ्यांचीही नजर असावी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणीं व्यसनमुक्तीचा उपचार मिळूं लागल्यावर, मादकांपासून येणाऱ्या उत्पन्नाचा ठरीव भाग त्यासाठींच बांधून ठेवल्यावर, आणि कोणतेंही दुकान उघडण्यापूर्वीं गांवाचें मत घेण्याचा व नंतर तें बंद करण्याचा अधिकार गांवास मिळाल्यावर, मग भांग-गांजाच्या परवान्याचा विचार खुशाल व्हावा. या तीन गोष्टी होईपर्यंत परवान्याची घाई म्हणजे आबकारीचीच पुनरावृत्ति ठरेल.

घोडा उधळतो म्हणून त्यास ठार करावयाचें नसतें, आणि तो देखणा आहे म्हणून मोकळाही सोडावयाचा नसतो. लगाम कोणाच्या हातीं आहे हें पाहावयाचें असतें. आजवर तो लगाम कधीं तिजोरीच्या हातीं होता, कधीं चोरट्या व्यापाऱ्याच्या. ज्यांच्या घराची राखरांगोळी होते त्यांच्या हातीं तो देऊन पाहण्याचा प्रयोग या दोन जिल्ह्यांना अपरिचित नाहीं. तो पुनः करून पाहण्यास कोणत्याही नव्या तत्त्वज्ञानाची गरज नाहीं. जुन्या धैर्याची मात्र आहे.