तिळाच्या तपासणीचा निकाल

अंगावरचा तीळ म्हणजे सौंदर्याची खूण किंवा सामुद्रिकाचा विषय, अशीच समजूत घरोघर आढळते. म्हणूनच एखाद्या गृहस्थाच्या पाठीवरील तीळ आकार व रंग बदलूं लागतो, डॉक्टर तो काढून तपासणीस धाडतात आणि अहवालांत ‘एटिपिकल’ असा शब्द येतो, तेव्हां त्या घराची झोंप उडते. वास्तविक या शब्दाचा अर्थ ‘नेहमीच्या घडणीहून वेगळा’ एवढाच आहे. ‘कर्करोग’ असा नाहीं.

तीळ हा रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींचा पुंजका होय. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्यें टिकवितात, मेणांत बसवून त्याचे अतिशय पातळ काप घेतात, ते रंगवितात आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. पेशींची मांडणी किती विस्कटली आहे, त्यांचीं केंद्रें किती मोठीं व बेढब झालीं आहेत, यावरून पॅथॉलॉजिस्ट विकृतीची पायरी ठरवितो. सौम्य, मध्यम व तीव्र अशा तीन पायऱ्या बहुत काळ रूढ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या वर्गीकरणांत मात्र कनिष्ठ व उच्च अशा दोनच ठेविल्या आहेत.

पायरीखालोखाल महत्त्वाच्या त्या कडा. तुकड्याच्या कडेपर्यंत विकृत पेशी पोंचल्या असतील, तर कांहीं भाग अंगावर राहिला असण्याचा संभव असतो. विकृति तीव्र असल्यास बहुधा पुन्हा थोडी त्वचा काढतात. सौम्य असल्यास पुष्कळदां नुसती देखरेख पुरते. शिवाय तुकडा तिळाच्या एका भागाचाच असेल, तर निकालहि तेवढ्याच भागापुरता असतो.

‘मेलॅनोमा’ हा शब्द आल्यास गोष्ट निराळी. तो खरोखरीच कर्करोग होय. तो त्वचेच्या वरच्या थरांतच असेल तर ‘इन सिटू’ म्हणतात. खोल गेला असेल तर त्याची जाडी मिलिमीटरांत देतात. हें माप ब्रेस्लो यांनीं १९७० सालीं सुचविलें. जाडी जितकी कमी, तितकी आशा अधिक. अशा वेळीं दिरंगाई घातक ठरते.

एटिपिकल तिळांपैकीं बहुतेक कधींच कर्करोग होत नाहींत. परंतु ज्याच्या अंगावर असे तीळ पुष्कळ, त्याला धोका इतरांहून जास्त, म्हणून त्यानें त्वचेची नियमित तपासणी करून घ्यावी. सांवळ्या वर्णाच्या माणसांत हा रोग तळवा, तळपाय व नखांखालींहि आढळतो, तेव्हां तेथेंहि नजर टाकावी. अहवालांतील एकाच शब्दानें घाबरून जाणें जितकें चूक, तितकेंच तो कागद न वाचतां कपाटांत ठेवणेंहि चूक होय.