स्नॅपशॉट घेतला, पुढे काय?

बँकेतले खाते असो की इस्पितळातल्या नोंदी, आपली माहिती कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर असते. त्यांतले अनेक युनिक्स किंवा त्याच वळणाच्या लिनक्सवर चालतात. ठरावीक वेळची माहितीची स्थिती टिपून ठेवणारे सॉफ्टवेअर त्यांवर बसवतात. अशा टिपलेल्या स्थितीला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. सॉफ्टवेअर बसले की निश्चिंत झालो, असे अनेकांना वाटते. खरे काम तिथून पुढे असते.

स्नॅपशॉट घेताना सहसा सगळी माहिती उतरवली जात नाही. पुढे जे बदलेल, त्याचे जुने रूप तेवढे जपले जाते. म्हणून तो क्षणात होतो. पण मूळ डिस्क निकामी झाली, तर तिच्यावरचा स्नॅपशॉटही जातो.

‘गिटलॅब’ या संकेतस्थळावर जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरच डेटाबेस पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबी माहिती गेली. बॅकअपची जागा पाहावी, तर ती रिकामी! आवृत्ती न जुळल्याने बॅकअप होतच नव्हता आणि तसे कळवणारे ई-मेल परस्पर नाकारले जात होते. अखेर कामी आला तो सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

यातून पुढची कामे उघड होतात. डेटाबेस क्षणभर थोपवून मगच स्नॅपशॉट घ्यावा, म्हणजे अर्धवट नोंदी राहत नाहीत. त्याची पूर्ण प्रत दुसऱ्या यंत्रावर, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवावी. जुने स्नॅपशॉट किती दिवस ठेवायचे, हे ठरवावे. ते हळूहळू जागा खातात. बिघाडाची सूचना नेमक्या माणसापर्यंत पोहोचते ना, हे तपासावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, अधूनमधून वेगळ्या सर्व्हरवर माहिती परत आणून पाहावी व किती वेळ लागला, ते लिहून ठेवावे.

मी कवितेचा माणूस. कविता पाठ आहे की नाही, हे वही मिटून म्हटल्याशिवाय कळत नाही, एवढे मला ठाऊक आहे. तेव्हा आपल्या कचेरीतल्या संगणक विभागाला एकदा जरूर विचारा : बॅकअप रोज घेता, पण परत आणून शेवटचा कधी पाहिलात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)