गौरवचिन्हावरील चेहरा

जागतिक अद्भुतसाहित्य पुरस्कार म्हणून १९७५ पासून अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्ट यांचा अर्धपुतळा दिला जाई. २०११ साली तो नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांना लाभला. एकोणिसाव्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर पाय लुळे पडले असता, रुग्णशय्येवरच त्यांनी लेखणी हाती धरली होती. पुढे लव्हक्राफ्ट यांची कृष्णवर्णीयांना हिणवणारी कविता त्यांच्या वाचनात आली. आपल्या गौरवाचे चिन्ह आपल्याच वंशाच्या निंदकाचे, हे शल्य त्यांनी उघड बोलून दाखविले. २०१५ मध्ये तो पुतळा रद्द झाला. तेव्हा पुण्यात जन्मलेले लव्हक्राफ्टचे अभ्यासक एस. टी. जोशी यांनी निषेधार्थ आपले पुरस्कार परत केले. आता तेथे पूर्णचंद्रापुढील वृक्ष आहे. लव्हक्राफ्टच्या कथा आजही वाचल्या जातात, आणि वाचल्या जाव्यात. परंतु ग्रंथ वाचणे निराळे आणि ग्रंथकाराची मूर्ती देव्हाऱ्यात बसविणे निराळे!